छाती 79, फुगवून 84

मुंबई पोलीस कायदा, 1951. हल्ली त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा असं केलंय. पाटी बदलली, दुकान तेच. त्यातलं कलम 21 काढा आणि वाचा. दंगल होईल, शांततेचा मोठा भंग होईल असं आयुक्ताला किंवा अधीक्षकाला वाटलं आणि नेहमीचे पोलीस पुरणार नाहीत असं त्याचं मत झालं, तर तो आपल्या सहीशिक्क्यानिशी लेखी हुकूम काढून 18 ते 50 वयाच्या कुठल्याही धडधाकट पुरुषाला, जो त्याला लायक वाटेल त्याला, विशेष पोलीस अधिकारी नेमू शकतो. नेमलेल्याला दाखला मिळतो. आणि दाखला मिळाला की साध्या पोलिसाला जे अधिकार, जी संरक्षणं, ती सगळी त्याला.

बस्स. शिक्षणाची अट नाही. उंचीची नाही. पळायचं नाही, गोळा फेकायचा नाही. वय, धड शरीर, पुरुषाचा जन्म, आणि 'जो त्याला लायक वाटेल'.

हा सगळा लेख ह्या चार शब्दांवर आहे दोस्तहो. ह्या देशात आपल्या हाताला काठी, बंदूक, शिट्टी जेव्हा जेव्हा मिळाली किंवा हिसकावून घेतली गेली, तेव्हा मागे हेच चार शब्द होते. लायक कोण हे आपण कधीच ठरवलं नाही. ते 'त्याला' वाटलं.

2020 चा एप्रिल. टाळेबंदी. रेडिओवर, टीव्हीवर, फोनच्या रिंगमध्येसुद्धा एकच : घरात राहा. आमच्या वस्तीत घर म्हणजे दहा बाय बारा, माणसं सात आणि संडास सार्वजनिक. कुठल्या घरात राहा? अशा वेळी वस्तीतल्या आम्ही आठ पोरांनी धान्य वाटलं, कुठल्या गल्लीत ताप आहे, कुणाच्या बायकोचे दिवस भरलेत, कुणाचं इन्सुलिन संपलं, ह्याची वही ठेवली. तेवढ्यात कळलं की पोलीस ठाण्यात विशेष पोलीस अधिकारी नेमताहेत, जाकीट आणि कार्ड देताहेत. आम्ही गेलो. आठांतला एक समाजकार्यात एम.ए. एकाकडे एनसीसीचं सी सर्टिफिकेट. फौजदारानं आधार कार्डं हातात घेतली, नावं वाचलीच नाहीत, उलटी करून पत्ते वाचले. मग म्हणाला, "अरे, तुमच्या वस्तीत तर आम्हालाच बंदोबस्त लावायला लागतो. तुम्हालाच कसं नेमू?"

कुठलं ठाणं ते सांगत नाही. सांगून काय? तुमच्या वस्तीच्या नाक्यावर जे आहे तेच समजा.

दोन दिवसांनी समोरच्या सोसायटीतले सहा जण जाकिटं घालून आमच्या वस्तीच्या तोंडावर उभे. त्यांतले चेअरमन तर उघड साठीचे. कायदा पन्नास म्हणतो, पण ज्याला लायक वाटायचं त्याला लायक वाटलं. पहाटे साडेपाचला आमच्या शेजारची मावशी कामावर निघाली. ती महापालिकेच्या सफाई खात्यात आहे, गळ्यात पालिकेचं ओळखपत्र. चेअरमननी शिट्टी मारली. "ए, कुठं निघालीस?" मावशी म्हणाली, "तुमच्याच दारातला कचरा उचलायला." तिला दहा मिनिटं उभं केलं. ओळखपत्र लांबूनच बघितलं. विटाळ आणि विषाणू दोन्हींचं अंतर त्या वर्षी एकच झालं होतं.

मला त्या कार्डाची हाव होती का? होती. खोटं कशाला बोलू. जन्मभर ज्याच्या हातात काठी असते त्याच्यापुढं उभं राहिलेल्या माणसाला एकदा तरी ती काठी आपल्या हातात असावी असं वाटतंच. ती हाव मी लपवत नाही, कारण ह्या लेखात पुढं मी ज्यांच्यावर तुटून पडणार आहे त्यांच्यात ती आहे, आणि मला ती आतून माहीत आहे.

आता हा विषय आजच का, तर गेल्या महिन्यात आमच्या अभ्यास मंडळात भांडण झालं. पोलीस भरतीचे वर्ग चालवायचे का, ह्यावरून. एक बाजू म्हणते, पोलीस म्हणजे राज्यसंस्थेचा दंडुका. 1974 ला वरळीच्या बीडीडी चाळींत पोलीस कुणाच्या बाजूला होते? 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात राज्य राखीव दलानं गोळ्या घातल्या, दहा माणसं मारली, ती कुणाची होती? त्या दंडुक्यात आपली पोरं भरायची? दुसरी बाजू म्हणते, मग पोरांनी काय करायचं, डिलिव्हरीच्या पिशव्या वाहायच्या? तिसरा एक होता, तो म्हणाला की सरळ भरती होत नाही तर निदान विशेष अधिकारी, शांतता समिती, पोलीस मित्र, असं काही तरी मिळवू, ठाण्यात वजन राहतं. टाळ्या तिसऱ्याला पडल्या. म्हणून हा लेख.

तिसऱ्याला आधी इतिहास सांगतो. अरे बाबा, ह्या देशातला पहिला विशेष पोलीस अधिकारी तुझा पणजोबा होता. बिनपगारी. येसकर म्हणायचे त्याला, तराळ म्हणायचे. हातात घुंगुरकाठी, गावाच्या वेशीवर रात्रभर पहारा. चोरी झाली की चोराचा माग काढायचा. सरकारी खजिना तालुक्याला पोचवायचा. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. शिवेचं भांडण झालं की शीव कुठं ते महारानं सांगायचं आणि त्याचा शब्द धरला जायचा. आणि एवढं करून सकाळी त्याच काठीनं घराघरापुढं उभं राहून शिळी भाकर मागायची, मेलेलं ढोर ओढायचं. इंग्रजानं ही व्यवस्था मोडली नाही, 1874 चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून तिला खिळे ठोकले. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात त्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. वतनाची ती बेडी कायद्यानं तुटायला 1958 उजाडलं. अधिकाराची काठी आणि भिकेची काठी एकच होती, हे लक्षात ठेव. 'ठाण्यात वजन' म्हणतोस ना, ते वजन तुझ्या पणजोबाच्या मानेवर होतं.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट बघा. 1857 ला हादरलेल्या इंग्रजानं 1861 साली पोलीस कायदा केला. त्याच्या 17 व्या कलमात विशेष पोलीस अधिकारी आहेत. पोलीस अपुरे पडले की आसपासच्या रहिवाशांना मॅजिस्ट्रेटनं नेमायचं. 19 व्या कलमात लिहिलंय की नेमलेला माणूस नाही म्हणाला तर पन्नास रुपयांपर्यंत दंड. म्हणजे हा मान नव्हे, वेठ. 1905 साली स्वदेशीच्या चळवळीत पूर्व बंगालमधल्या रंगपूरला इंग्रजानं हेच कलम वापरून गावातल्या वकिलांना, प्रतिष्ठितांना विशेष कॉन्स्टेबल नेमलं. कशासाठी? अपमान करायला. पट्टा बांधून रस्त्यावर उभं राहायचं, शिपायाचा हुकूम ऐकायचा, ह्याहून मोठी बेअब्रू त्या भद्र लोकांना सुचत नव्हती. देशभर बोंब झाली.

बघा कसं आहे. जे काम चार दिवस करायला लागलं म्हणून त्यांची अब्रू गेली, ते काम आमच्या पिढ्यान् पिढ्यांना 'हक्क' म्हणून दिलं होतं. आणि आज त्यांचेच नातू जाकीट घालून मिरवतात, आणि आम्ही ते मिळालं नाही म्हणून खट्टू. च्यायला, गंमत आहे.

पट्टीची गोष्ट तर अजून भारी. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार होते, 1818 ला कोरेगावला होते, दगडावर नावं आहेत. तेव्हा लायक. 1892 साली महारांची लष्करभरती बंद केली. साहेबांना शोध लागला की काही जाती लढाऊ असतात आणि काही नसतात. सुभेदाराचा पोरगा एका कागदानं नालायक. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली. पुन्हा लायक. युद्ध संपलं, पलटण मोडली. पुन्हा नालायक. 1941 ला हिटलर आणि जपान दारात, महार रेजिमेंट उभी. लायक! ह्या पन्नास वर्षांत आमच्या छातीचं माप बदललं नव्हतं हो. छाती तीच होती, पट्टी त्यांची होती.

आपली माणसं झोपली नव्हती. 1910 साली शिवराम जानबा कांबळ्यांनी दख्खनच्या महारांच्या वतीनं विलायतेत भारतमंत्र्याकडे अर्ज केला, त्यात काय मागितलं? कलेक्टरी नव्हे. सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा, पोलीस शिपाई आणि लष्करातला शिपाई. 1928 ला सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात बाबासाहेबांनी मागितलं की लष्कर, आरमार आणि पोलीस ह्यांत जातीची आडकाठी न ठेवता भरती झाली पाहिजे. पहिल्या बाजूच्या क्रांतिकारक मित्रांनो, हे जरा ऐका. पोलीस म्हणजे दंडुका हे बाबासाहेबांना कळत नव्हतं असं तुमचं म्हणणं आहे का? ज्या गावात फौजदारही पाटलाचा आणि पंचही पाटलाचा तिथं आमच्या फिर्यादीचं काय होतं, हे त्या माणसानं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी पोलिसात जागा मागितली. पण कशी जागा मागितली हे महत्त्वाचं. पगाराची, नियमाची, कायम. मेहेरबानीची नव्हे.

आता बस्तर.

शहरातल्या आपल्या पोरांना बस्तर म्हणजे बातमीतले आकडे. तिकडं 2005 च्या जूनमध्ये सलवा जुडूम सुरू झाला. सरकार त्याला शांतिमोहीम म्हणायचं. गावं रिकामी करून माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली आणि त्याच गावांतली, त्याच छावण्यांतली पोरं एसपीओ म्हणून नेमली, विशेष पोलीस अधिकारी. आधी 1861 च्या कायद्याखाली, मग छत्तीसगडनं 2007 साली स्वतःचा पोलीस कायदा केला त्याच्या कलम 9 खाली. 1861 च्या इंग्रजानं निदान लिहिलं होतं की दंगल असेल तर, पोलीस अपुरे असतील तर. आपल्या लोकशाही सरकारच्या कलमात तेवढंही नाही. कुठल्या परिस्थितीत, कुणाला, कशासाठी, काही नाही. अधीक्षकानं नेमलं की झाला अधिकारी.

पात्रता काय? पाचवी पास असला तर प्राधान्य. पाचवी! मानधन महिन्याला 3000 रुपये, त्यातला मोठा वाटा केंद्र सरकार देणार. प्रशिक्षण दोन महिने, त्यातच बंदूक, त्यातच कवायत, त्यातच भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया, पुराव्याचा कायदा आणि मानवी हक्क. मी बारावीनंतर एलएलबीला गेलो, पुराव्याच्या कायद्यात दोनदा नापास झालो. बस्तरचा पाचवी पास पोरगा तो तासिकांमध्ये शिकून जंगलात जाणार आणि कुणाला पकडायचं, कुणावर गोळी झाडायची हे ठरवणार. नोकरी वर्षावर, कारण न देता आणि नोटीस न देता कधीही काढता येणारी. 2011 च्या मार्चपर्यंत असे साधारण 6500 नेमले होते.

आता सांगा, हाच पोरगा साध्या शिपायाच्या भरतीला गेला असता तर? शिक्षण कमी, चल बाहेर. शिपाई व्हायला नालायक, विशेष अधिकारी व्हायला लायक! 'विशेष' ह्या शब्दाचा अर्थ इथं उघडा पडतो. विशेष म्हणजे वरचा नव्हे. विशेष म्हणजे ज्याच्यासाठी नियम लागू नाहीत तो. ज्याला पेन्शन नाही, ज्याची बढती नाही, ज्याची लायकी मोजत नाहीत कारण त्याचं मरण मोजायचं नाही तो.

सरकारनं कोर्टात काय सांगितलं? ही पोरं जंगल ओळखतात, भाषा जाणतात, कोण कुणाचा ते त्यांना माहीत असतं, म्हणून ती फोर्स मल्टिप्लायर आहेत. आणि त्यांच्या घरच्यांनी सोसलंय म्हणून त्यांच्यात जोश आहे. म्हणजे बघा, तीच येसकराची पात्रता. वेस माहीत, वाटा माहीत, माग काढता येतो. शेकडो वर्षांनी राज्यसंस्थेला आपल्यासारख्यांत तेवढाच गुण दिसतो, कुत्र्याचं नाक. आणि पोराच्या घरात मयत झालीय, त्याचं डोकं भडकलंय, हीसुद्धा त्याची पात्रता! सुडाला मानधन.

मेले किती? राज्यानंच कोर्टात दिलेले आकडे आहेत, 173 एसपीओ मेले, आणि 1200 जणांना बेशिस्तीसाठी वगैरे काढून टाकलं. एकट्या राणीबोदलीत, 15 मार्च 2007 ला, पोलीस चौकीवर माओवाद्यांनी रात्री हल्ला केला, 55 जण मेले आणि त्यांतले बहुतेक एसपीओच. मेले ते आदिवासी, मारणारेही बहुतेक आदिवासी. आमच्या मंडळातल्या एकाला हे वाक्य आवडणार नाही, तरी लिहितो : तिकडचे दादा लोकही पोरांच्या हातात बंदूक देताना दाढीमिशी फुटली का हे बघत नाहीत. पण दादांनी संविधानाची शपथ घेतलेली नाही. सरकारनं घेतलीय. म्हणून माझं भांडण आधी सरकारशी.

आणि जिवंत राहिलेल्यांनी काय केलं? 2011 च्या मार्चमध्ये ताडमेटला, मोरपल्ली, तिमापूर ही गावं जाळली गेली. आरोप सुरक्षा दलं आणि एसपीओंवर. कोर्टाला तो तपास सीबीआयकडे द्यावा लागला. मी त्या पोरांना संत म्हणत नाही. बंदूक दिलेला पाचवी पास पोरगा राक्षसही होतो. तो राक्षस व्हावा म्हणूनच ती नेमणूक होती.

नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा आणि ई. ए. एस. शर्मा 2007 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. 5 जुलै 2011 ला न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी आणि निज्जर ह्यांनी निकाल दिला की असल्या पात्रतेवर, असल्या प्रशिक्षणावर, असल्या मानधनावर आदिवासी पोरांना लढाईत पाठवणं हे संविधानाच्या 14 आणि 21 व्या कलमाचा भंग आहे. समानतेचा, आणि जगण्याच्या हक्काचा. ह्यातलं 14 वं कलम नीट समजून घ्या, कारण खुबी तिथं आहे. नुसतं मारल्या जाणाऱ्यांवर अन्याय झाला असं कोर्ट म्हणत नाही. ज्याला बंदूक दिली त्याच्यावरही अन्याय झाला असं म्हणतं. शिकलेला, पगारी शिपाई आणि हा पोरगा एकाच गोळीपुढं उभा करता, आणि बाकी सगळ्यांत वेगळा ठेवता. काठी देणं हीसुद्धा विषमता असू शकते. हे वाक्य माझं, कोर्टाचं नव्हे, पण निकाल वाचून सुचलेलं.

हत्यारं परत घ्या, नक्षलविरोधी कामात एसपीओ वापरू नका, केंद्रानं त्यासाठी पैसे देऊ नयेत, असा हुकूम झाला. मग? त्याच वर्षी केंद्राच्या अर्जावरून हुकूम छत्तीसगडपुरता राहिला. आणि छत्तीसगडनं आधी अध्यादेश आणि मग कायदा करून तीच पोरं सहायक सशस्त्र पोलीस दलात घेतली. नवं नाव, नवा बिल्ला. ह्यावर अवमानाची याचिका गेली, ती मे 2025 मध्ये निकालात निघाली : विधिमंडळानं कायदा केला म्हणून कोर्टाचा अवमान होत नाही. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्या. रेड्डी उपराष्ट्रपतिपदाला उभे राहिले तेव्हा खुद्द देशाच्या गृहमंत्र्यानं हा निकाल त्यांच्या तोंडावर फेकला, जणू काही गुन्हाच केला होता माणसानं. पाचवी पास पोराला मरायला पाठवू नका म्हणणं हा गुन्हा.

काश्मीरचं जास्त लिहीत नाही, वेगळा लेख होईल. तिथंही हजारोंनी एसपीओ आहेत, तिथंही वर्षानुवर्षं मानधन तुटपुंजं होतं, 2018 ला वाढवलं ते पोरं घरात घुसून मारली जायला लागल्यावर, राजीनामे यायला लागल्यावर.

आता परत आपल्याकडं. सरळ दाराकडं बघू. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचं तर बारावी पास. पुरुषाला उंची 165 सेंटिमीटर, छाती न फुगवता 79, फुगवून पाच जास्त. बाईला 155. पुरुषांना 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. मग लेखी शंभर मार्कांची. ह्या अटींशी माझं भांडण नाही. उंची मोजा, पळायला लावा. टेप सगळ्यांना एकच लागते, रिकामी पडली तर उमेदवार ओरडू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. लिहिलेली अट ही आपल्यासारख्याची ढाल असते, हे आपल्याला उशिरा कळतं. 'जो त्याला लायक वाटेल' ह्याच्याविरुद्ध कुठल्या कोर्टात जाणार?

पण सरळ दारालाही एक न दिसणारी चौकट आहे. चारित्र्य पडताळणी. ज्या पोलिसांत जायचं तेच पोलीस तुमचं चारित्र्य तपासणार. आणि आपल्या पोरांचं चारित्र्य कुठं लिहिलेलं असतं? 1 जानेवारी 2018 ला भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड आले. 3 जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर रात्री-बेरात्री वस्त्यांत कोम्बिंग झालं. 143, 147, 149, 353, कलमांची माळ घातली. कॉलेजची पोरं, क्लासची पोरं, काही तर नुसती बघायला उभी होती. खटले मागे घेऊ म्हणून एका सरकारनं सांगितलं, दुसऱ्यानंही सांगितलं. सांगण्याला पैसे पडत नाहीत. कित्येकांच्या तारखा चालूच राहिल्या. म्हणजे ज्या पोराला बाबासाहेबांची चाड आहे तो नेमका चारित्र्यहीन. आणि ज्याला कसलीच चाड नाही, त्याची पाटी कोरी, तो लायक. ही चाळणी जाणूनबुजून लावलीय असं मी म्हणत नाही. जाणूनबुजून लावायची गरजच नाही, ती आपोआप लागते.

तिसऱ्या मित्रा, आता तुझ्याकडं परत येतो. तुझ्या आधीच्या पिढीत आपल्याच पुढाऱ्यांनी विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे शिक्के मिळवले होते. खिशात शिक्का, छातीवर पेन, दारावर पाटी. दाखल्यांवर सह्या करायचे. मोर्चा ठरला की ठाण्यातून फोन यायचा, "दंडाधिकारी साहेब, तुमची पोरं आवरा." आणि ते आवरायचे. चळवळीचं जेवढं नुकसान लाठीनं केलं नाही तेवढं त्या रबरी शिक्क्यांनी केलं. लाठी पडली की पोरं चिडून एक व्हायची. शिक्का मिळाला की एकमेकांकडं संशयानं बघायची. आज तू शांतता समितीचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरशील, उद्या ठाण्यात तुला खुर्ची देतील, चहा पाजतील आणि हळूच विचारतील, परवाच्या सभेत कोण कोण होतं रे? तू सांगशील. वाईट मनानं नव्हे, खुर्ची मिळाली म्हणून सांगशील. येसकराला माग काढायला लावायचे ना, तसंच.

आणि पहिल्या बाजूच्या मित्रांना एवढंच विचारतो. मावशीला वस्तीच्या तोंडावर उभं केलं त्या दिवशी तिथं आपल्या वस्तीतली, भरती होऊन आलेली एखादी पोरगी खाकीत असती तर चेअरमनची शिट्टी वाजली असती का? मला माहीत आहे, असती तरी कदाचित वाजली असती. खाकी अंगात गेली की जात मरते असं नाही आणि उलट्या बाजूनं जातभाई पाझरतो असंही नाही, आपल्यातला शिपाई आपल्यालाच जोरात हाणतो, साहेबाला दाखवायला. हे मी पाहिलंय. तरीसुद्धा फिर्याद लिहून घेणारा हात कुणाचा आहे ह्यानं फरक पडतो. अॅट्रॉसिटीचं कलम लावायचं की नुसती अदखलपात्र नोंद करायची हे रात्री अकरा वाजता ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठरतं, तुमच्या परिसंवादात नव्हे.

म्हणून वर्ग चालवायचे, असं माझं मत मी मंडळात मांडलं. नऊ विरुद्ध सात असं पास झालं. विशेष अधिकारी, पोलीस मित्र वगैरे ठराव मात्र हाणून पाडला, त्यात पहिल्या बाजूनं माझ्या बाजूनं हात वर केले, त्यांचे आभार. वर्गात कायदा शिकवायचा, पळणं आणि गणित बाहेरचेही शिकवतात. पंचनामा कसा असावा, अटकेची कारणं कशी सांगायची, फिर्याद नाकारता येते का. पोरगा भरती झाला तर उपयोगी, नाही झाला तर जास्तच उपयोगी.

गेल्या रविवारी एक पोरगा फॉर्म घेऊन आला. वय पंचवीस, उंची 168, छाती 80 फुगवून 86, सगळं बसतं. सोळाशे मीटर चांगला पळतो. एक रकाना कोरा होता : आपणांविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? त्याची केस 3 जानेवारीची. तारखा अजून पडतात. म्हणाला, "दादा, नाही लिहू का? माझा मित्र 'नाही' लिहून लागला." मी त्याला 2016 चा अवतार सिंगचा निकाल दाखवला. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की माहिती दडवू नका, खरं लिहा, आणि कोवळ्या वयात घोषणा दिल्या वगैरे असला किरकोळ गुन्हा असेल तर मालकानं तो सोडून देता येतो. सोडून देता येतो, दिलाच पाहिजे असं नाही. तेही त्याला सांगितलं. 353 किरकोळ धरतील का, माहीत नाही, तेही सांगितलं.

तो बराच वेळ पेन दातात धरून बसला. त्याची आई म्हणाली, "दादा, तुमच्या भरवशावर खरं लिहायचं, आणि नाय लागला तर?" मला उत्तर आलं नाही. मग त्यानंच 'होय' लिहिलं. खाली कलमं लिहिली. तपशील ह्या रकान्यात जागा कमी होती, म्हणून त्यानं मागच्या बाजूला पूर्ण लिहिलं : बंदच्या दिवशी आम्ही रस्त्यावर बसलो होतो.

सोमवारी पहाटे पाचला तो मैदानावर होता. मी वेळ लावली. पाच मिनिटं बावीस सेकंद.